पश्चिमेचं शटर

सोयाबीनचं बियाणं मोठं नाजूक. टरफल पातळ, आत तेल भरपूर. उन्हाळ्यात तापलेल्या, कोंदट खोलीत ते पडून राहिलं तर वरून दाणा टपोराच दिसतो, पण उगवण ढासळलेली असते. प्रमाणित बियाण्याला गव्हासाठी किमान ८५ टक्के उगवणक्षमता लागते. सोयाबीनला ही अट ७० टक्क्यांवर ठेवली आहे, ती त्याच्या याच नाजूकपणामुळे. घरचं बियाणं वापरणाऱ्या शेतकऱ्याचा जीव म्हणून एप्रिल-मेमध्ये टांगणीला लागतो. ते ठेवायचं कुठे?

मराठवाड्यातल्या किनवटला लागून असलेल्या गोकुंद्यात माझ्या मामांचं घर आहे. मामा निवृत्त शिक्षक, आता पूर्णवेळ शेतकरी. त्यांचं बियाणं असतं गाडीच्या खोलीत. दहा फूट रुंद, आठ फूट उंच लोखंडी शटर, आत गाडी, भिंतीकडेला लाकडी फळ्यांवर पोती, आणि त्याच भिंतीपलीकडे आजीची झोपायची खोली. शटरचं तोंड पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्याच्या पट्ट्यांना आतल्या बाजूनेही हात लावण्याची सोय नसते. आजीच्या खोलीची भिंत रात्री दहापर्यंत गरम लागते. यंदा हे शटर बदलायचंच, असं मामांनी ठरवलं आणि त्या शोधात मी त्यांच्यासोबत होतो.

दिशेपासून सुरुवात केली ते बरं झालं. किनवट उत्तर अक्षांश १९.६ अंशांच्या आसपास आहे. मेच्या मध्यानंतर सूर्य इथे भरदुपारी थेट डोक्यावर येतो, पुढे थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या उत्तरार्धात परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. मार बसतो तो छताला, आणि सकाळ-दुपार वाटून पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना. त्यातही पश्चिमेची बाजू वाईट, कारण तिच्यावर ऊन येतं तेव्हा हवाही दिवसातली सगळ्यात तापलेली असते. निरभ्र दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॉट ऊर्जा पडते. मामांचं शटर सात चौरस मीटरच्या वर, रंग गडद निळा. गडद रंग त्यातला बहुतेक भाग शोषून घेतो आणि मिलिमीटरभर जाडीचं लोखंड तो आत पोचवायला काही वेळ लावत नाही.

या भागात पूर्वी असा प्रश्न फारसा नव्हता. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद असे: लाकडी सर, त्यावर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. किनवटच्या आसपास सागाचं जंगल, म्हणून दारंही सागवानी. दुपारचं ऊन त्या मातीत मुरायलाच संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादला भूकंप झाला, किल्लारी परिसरात त्याच जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर जाड मातीवरचा लोकांचा भरवसा उडाला. पत्रा, सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी शटर यांनी घरं हलकी आणि पातळ झाली, आणि पातळपणाबरोबर ऊन घरात आलं. आता शोध आहे तो वजनाने हलक्या आणि तरी उन्हाला अडवणाऱ्या वस्तूचा.

किनवटमधल्या शटरच्या कारागिराने मामांना पहिलाच प्रश्न विचारला, "काका, ऊन अडवायचंय का चोर, ते आधी सांगा. हे शटर चोरासाठी आहे."

त्याचं म्हणणं खरं होतं. रोलिंग शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या. वर गुंडाळता यावं म्हणून त्या पातळच लागतात आणि सांध्यांत मोकळ्या असतात. फोम भरलेल्या दुहेरी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटरही मिळतं. पण गुंडाळायचं असल्याने पट्टीची जाडी फार वाढवता येत नाही, आणि शटर गुंडाळून राहतं त्या वरच्या पेटीतून गरम हवा येत राहते ती वेगळीच.

दुसरा पर्याय मी हैदराबादेत पाहिला होता. आडव्या, जाड फळ्या बिजागरीने जोडलेल्या. दार उघडलं की त्या रुळावरून वर जाऊन छताखाली आडव्या होतात. वर उचलायचं असं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१मध्ये काढलं, १९२६मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. तिकडे ही दारं घराघरात आहेत आणि त्यांच्या आत थर्मोकोल किंवा पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. विक्रेत्याने उष्णतारोधकतेचा 'आर-१६' हा आकडा सांगितला. हा आकडा अमेरिकी मापाचा. आपल्याकडच्या मेट्रिक मापात आणायला त्याला ५.६८ने भागावं लागतं, म्हणजे साधारण २.८ उरतात. शिवाय तो बहुतेक वेळा फळीच्या मधोमध मोजलेला असतो. कडा, सांधे, लोखंडी पट्ट्या धरून अख्ख्या दाराचा आकडा त्याहून खाली येतो. घेणाऱ्याने अख्ख्या दाराचा आकडाच मागावा.

दार देखणं होतं. पण त्याचं सगळं वजन पीळ दिलेल्या स्प्रिंगवर तोललेलं असतं आणि ती स्प्रिंग तुटली तर दुरुस्तीचं काम नवख्या हाताने करण्यासारखं नसतं. किनवटपर्यंत त्यासाठी माणूस येईल कधी? मामांनी तिथेच तो विचार सोडला.

मग पफ पॅनलचा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेल्या पॉलियुरेथेनच्या फेसाचा, विषय निघाला. शीतगृहाच्या भिंती याच पॅनलच्या असतात. घरच्या फ्रिजच्या आणि सोलर हीटरच्या टाकीच्या कवचातही हाच पॉलियुरेथेनचा फेस असतो. लोखंडातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या मानाने या फेसातून सुमारे दोन हजारपट कमी जाते. ४० मिलिमीटर पफची उष्णतारोधकता मेट्रिक मापात १.७च्या आसपास भरते. त्याच जाडीच्या थर्मोकोलची १.१, आणि इंचभर जाडीच्या सागाच्या फळीची अवघी ०.१५. म्हणजे आजोबांच्या काळचं सागवानी दार नुसत्या लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं, पण दीड इंच पफ त्याच्या दहापट.

शेवटी गावातल्याच फॅब्रिकेटरकडून चार पाखांचं, घडी होणारं दार करून घेतलं. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, आत पफ पॅनल, बाहेरून पांढरा पत्रा. पॅनल कापताना जवळ उभं राहून पाहिलं: कटर फिरला की दोन पत्र्यांमधला फिकट पिवळा फेस भुसभुशीत होऊन उडतो, हातावर चिकटतो, आणि कापलेली कड बोटाने दाबली तर आत जाऊन तशीच दबून राहते. ही कड उघडी ठेवायची नाही. उन्हात फेस आणखी पिवळा पडून त्याचा भुगा होतो आणि उंदरांना तिथे शिरायला वाट मिळते. कारागिराने चारही कडा पत्र्याच्या पन्हळीने बंद केल्या. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकाच लोखंडी पाइपला टेकले तर ऊन फेसाला वळसा घालून पाइपातून आत येतं; म्हणून आतल्या बाजूला पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली.

दार बसल्यावर मामांनी भर दुपारी स्वतःला आत कोंडून घेतलं, दिवा बंद ठेवला आणि कुठून उजेड येतो ते खडूने चौकटीवर टिपलं. खालच्या बाजूला फरशीच्या उतारामुळे बोटभर फट होती, दोन पाखांच्या जोडावर उजेडाची रेघ होती. जिथून उजेड येतो तिथून लूही येते. खाली ब्रशची पट्टी आणि जोडांवर रबर लावल्यावर दोन्ही जागा अंधारल्या.

मात्र खोली डबाबंद करूनही चालत नाही. नांदेडहून आलेल्या गाडीचं इंजिन तापलेलं असतं आणि ती उष्णता सोबत आत येते. उष्णता अडवणारं दार तिला बाहेरही जाऊ देत नाही. त्यामुळे मागच्या भिंतीत छताजवळ जाळीचा झरोका ठेवला. गाडी आधी पोर्चमध्ये निवते, मग आत जाते. दार दिवसा बंद आणि सूर्य मावळून हवा उतरली की उघडं, हा आता घरचा नेम आहे. फेस पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून बॅटरीची स्कूटर त्या खोलीत चार्जिंगला लावायची नाही आणि भावाची वाट पाहत ठेवलेला कापूसही तिथे भरायचा नाही, हे मामांनी घरात सगळ्यांना बजावून सांगितलं आहे.

दारावर बाहेरून चार फुटांची पत्र्याची पडवीही काढली. तिरप्या उन्हाला ती पूर्ण अडवत नाही, पण दुपारी दोन-तीनपर्यंत दार सावलीत राहतं. पडवी आणि पांढरा रंग ही दोन कामं फेसाच्या मानाने स्वस्त आणि त्यांचा फरक लगेच कळतो. आजीची भिंत आता संध्याकाळी लवकर निवते. जूनच्या तोंडावर मामांनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासली, ती सत्तरीच्या वर आली. त्यात बियाणं नीट वाळवून भरल्याचा आणि पोत्यांची थप्पी उंच न रचल्याचाही वाटा आहे. सगळं श्रेय दाराला देता येणार नाही, असं मामा स्वतःच सांगतात.

शेजाऱ्यांनाही तसंच दार करून घ्यायचं होतं. मामा त्यांच्याकडे जाऊन आधी शटर कोणत्या दिशेला आहे ते पाहून आले. ते उत्तरेला होतं, आणि वर उघडा पत्रा, म्हणजे खरा मार छतातून. केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या यंत्रणेने २०१८मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत घराच्या छतातून दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकाला १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे. नुसता पत्रा तिच्या आसपासही येत नाही. मामांनी त्यांना दाराचा बेत सोडायला लावला. शटरला पांढरा रंग दिला, आणि दारासाठी ठेवलेल्या पैशांतून छताला पफचे पत्रे बसवण्याचं काम दिवाळीनंतर धरायचं ठरलं आहे.