जप आणि खुर्ची

पुण्यांतील एका कचेरींत आम्हीं तीस वर्षें कारकुनी केली. वेळेवर जावें, लांच खाऊं नये, एवढें पाळलें म्हणजे आपण सचोटीचे, असा आमचा समज होता.

एके दिवशीं खेड्यावरून आलेल्या एका वृद्ध बाईंस आम्हीं "उद्यां या" म्हणून सांगितलें. काम पांच मिनिटांचें होतें. परंतु त्या दिवशीं चतुर्थी होती आणि आमचें अथर्वशीर्षाचें एकविसावें आवर्तन मनांतल्या मनांत चाललें होतें! बाई निमूटपणें परत गेल्या. एस.टी.चें भाडें त्यांनीं कोठून आणलें असेल, हा विचार आमच्या मनास शिवलाहि नाहीं.

सायंकाळीं शनिवारवाड्यावरून घरीं जातांना रामशास्त्री प्रभुणे आठवले. थोरले माधवराव पेशवे (कारकीर्द १७६१-१७७२) जपांत गढून गेल्यामुळें कामें खोळंबूं लागलीं, तेव्हां शास्त्रीबोवांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. आणि सांगितलें कीं, ब्राह्मणकर्मच करावयाचें तर गादी सोडावी, गादीवर राहावयाचें तर रयतेचें काम हाच धर्म. पेशव्यांनीं जप सोडला. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे.

आमच्यापाशीं गादी नव्हती, खुर्ची होती. पण खुर्चीपुढेंहि कोणी तरी ताटकळत असतेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्हीं बाईंचा कागद तयार केला. त्या आल्या नाहींत. आठवडाभर वाट पाहून तो टपालानें धाडला. त्याची पोंच मात्र आजतागायत आली नाहीं.