भीती गाठीची नको, गोळी चुकण्याची असावी

‘मेंदूत गाठ आहे’ हे तीन शब्द कानावर पडले की घरातील वातावरणच पालटते. पुढचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही. पीयूषिका ग्रंथीच्या, म्हणजे पिट्युटरीच्या गाठींबाबत मात्र ही भीती बरीचशी अनाठायी असते. ज्या गोष्टीची धास्ती बाळगायला हवी, ती भलतीच असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज या दोन्हींविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

पीयूषिका ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खळग्यात ती विसावलेली असते. या खळग्याचा आकार खोगीरासारखा, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव पडले. एवढीशी ही ग्रंथी थायरॉइड, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि जननग्रंथी यांना कामाचे आदेश देते. शरीराची वाढ आणि पाण्याचा तोलही तिच्याच संप्रेरकांवर अवलंबून असतो.

या ग्रंथीत होणाऱ्या बहुतेक सर्व गाठी साध्या असतात. तेथील कर्करोग अत्यंत विरळा. इतर कारणासाठी एमआरआय काढलेल्या साधारण दहा जणांपैकी एकाच्या पीयूषिकेत एखादी लहानशी गाठ योगायोगाने दिसू शकते. तिचा त्रास त्याला आयुष्यात कधी होतही नाही. गाठ १० मिलिमीटरहून लहान असेल तर ती सूक्ष्म, त्याहून मोठी असेल तर स्थूल मानतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींना ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे नवे नाव मिळाले. अहवालात ते वाचून घाबरू नका. नाव बदलले म्हणून गाठीचा स्वभाव बदलत नाही.

ही गाठ तीन वाटांनी त्रास देते. पहिली वाट अतिरिक्त संप्रेरकाची. वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर अंगठी बोटात रुतू लागते, चपलेचा नंबर वाढतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते. कॉर्टिसोल जास्त झाले तर चेहरा गोल होतो, त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. दुसरी वाट दाबाची. ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. तिच्यावर दाब आला की समोरचे स्पष्ट दिसते, पण दोन्ही कडांचे दिसेनासे होते. तिसरी वाट कमतरतेची: थकवा, थंडी सहन न होणे, भूक मंदावणे, रक्तातील सोडियम घटणे. उतारवयात या तिन्ही वाटांवर आपण एकच पाटी लावतो, ‘वय झाले’.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत हेच घडत होते. वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षे ते मंदावत चालले होते. मोतीबिंदू काढूनही चाचपडत. घरच्यांनी ते वयाच्या खात्यावर जमा केले होते. त्यांच्या पत्नी मात्र एकदा सहज म्हणाल्या, “डॉक्टर, पूर्वी हे रोज दाढी करायचे, आता चार-चार दिवस गरजच पडत नाही. आणि दारातून जाताना कधी हा खांदा आपटतो, कधी तो.” या दोन वाक्यांनी तपासाची दिशा ठरली. त्यांचे सोडियम कमी होते, सकाळचे कॉर्टिसोल कमी होते. टीएसएच ‘नॉर्मल’ होता, पण प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक, म्हणजे फ्री टी-फोर, कमी होते. हा मुद्दा ध्यानात ठेवा: पीयूषिकेच्याच आजारात एकटा टीएसएच फसवा ठरतो. एमआरआयमध्ये दोन सेंटिमीटरहून मोठी गाठ दिसली.

उपचार गाठीच्या प्रकारानुसार ठरतात. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुधा आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलीनच्या गोळीनेच आक्रसते. मात्र उलटीवरील डॉम्पेरिडोनसारख्या आणि मानसिक आजारांवरील काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. लहान, निरुपद्रवी गाठीवर केवळ नजर ठेवतात. दृष्टीवर दाब असेल तर शस्त्रक्रिया लागते, पण बहुतेकदा कवटी न उघडता, नाकावाटे, दुर्बिणीच्या साहाय्याने. नंतर काही आठवडे जोराने नाक शिंकरू नये. नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळू लागला, किंवा तहान आणि लघवी एकाएकी फार वाढली, तर लगेच कळवावे.

गुरुजींना आधी स्टेरॉइड आणि नंतर थायरॉइडची गोळी सुरू झाली. हा क्रम महत्त्वाचा असतो. शस्त्रक्रिया नीट पार पडली, कडांचे दिसू लागले. सारे सुरळीत असताना काही महिन्यांनी त्यांना अर्धवट शुद्धीत आणले गेले. रक्तदाब पार खाली, अंग गार. सूनबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात असे सगळे सांगत होते, म्हणून आठवड्यापूर्वी बाबांची ती गोळी बंद केली. कालपासून ताप आणि उलट्या.” शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन गेले, आणि संध्याकाळी गुरुजींनी चहा मागितला. आणखी काही तास उशीर झाला असता, तर तो चहा कोणी मागितला नसता.

सूनबाईंचा हेतू वाईट नव्हता. स्टेरॉइडबद्दल आपण जे ऐकतो ते मोठ्या मात्रेच्या, औषध म्हणून दिलेल्या स्टेरॉइडबद्दल असते. येथे शरीर स्वतः जे बनवायचे, तेवढेच आपण बाहेरून देत असतो. हायड्रोकॉर्टिसोन असेल तर दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी. दिव्यात तेल घालावे तशी ही गोळी असते. तेल संपले की वात विझतेच.

म्हणून अशा रुग्णाच्या घरात पुढील नियम भिंतीवर लावून ठेवावेत. गोळी एकही दिवस चुकू नये. संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणावी. एकादशी असो वा चातुर्मास, गोळी घ्यायचीच. कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप आला तर तो उतरेपर्यंत मात्रा साधारणतः दुप्पट करतात. नेमके प्रमाण तज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्यावे. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती पुन्हा द्यावी. तीही पडली, तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनसाठी तडक दवाखाना गाठावा. दात काढायचा असो वा कोणतीही शस्त्रक्रिया, आधी सांगावे. खिशात ‘मी स्टेरॉइडवर अवलंबून आहे’ असे कार्ड ठेवावे. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात. आणि अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, दृष्टी जाणे किंवा एकाचे दोन दिसणे असे झाले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

घरच्या घरी एक साधी पाहणीही करता येते. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. एकेक डोळा झाकून, दोघांनी एकमेकांच्या नाकाकडे पाहत, बाजूने हळूहळू आत येणारी बोटे कधी दिसतात ते ताडून बघा. तुम्हाला दिसते आणि त्यांना दिसत नाही, असे झाले तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र तपासून घ्या.

या आजारासोबत माणसे अनेक वर्षे चांगली जगतात: ठरलेल्या वेळी एमआरआय, रक्त आणि दृष्टीची तपासणी, रोजच्या गोळ्या, आणि अधूनमधून येणाऱ्या उदासीसाठी जवळच्यांची थोडी समजूत. तपासणीचे यंत्र वर्षातून एकदा पाहते; तुम्ही त्यांना रोज पाहता. चपलेचा नंबर, दाढीचा वस्तरा, दारात आपटणारा खांदा यांची नोंद घेणारे डोळे तुमचेच. जे बदललेसे वाटते, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगा. ‘वय झाले’ हा निष्कर्ष तपासणीनंतर काढता येईल.