होळीच्या वाडीतील पाहुणे

वसई रोडला उतरून गावाकडची बस धरावी आणि होळीला उतरावे. होळी हे इथे सणाचेच नव्हे, वस्तीचेही नाव. भाजीच्या टोपल्या ओलांडून आत वळले की वाडी लागते. विहीर, माड, माडाखाली केळी.

या मातीला परदेशी पाहुण्यांचे नवल नाही. पोर्तुगीज इथे १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. मिरची, पेरू, पपई ही अमेरिकेची मंडळी त्यांच्याच काळात या देशात रुजली. पपईचे तर नावदेखील आपण त्यांच्याकडून घेतले.

त्याच मुलखातून आलेला नवा पाहुणा मात्र नुसता खायला आला आहे. एका वृद्ध बागायतदारांनी आम्हांला केळीचे पान दाखवले. काजळी धरल्यासारखे काळे!

"मास्तर, रोग केळीचा नाही. वर बघा."

माडाच्या पातींच्या पोटाशी पांढऱ्या मेणाची चक्रे होती, कुणी बोटाने रांगोळी ओढावी तशी. ही चक्राकार पांढरी माशी. मादी गोल फिरत अंडी घालते, पिल्ले रस शोषतात. त्यांचा चिकट गोड पाझर खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. २००४ साली ती मध्य अमेरिकेतील बेलीझमध्ये नारळावर आढळली. भारतात २०१६ साली, तमिळनाडूतील पोल्लाचीला.

चिरंजीवांनी विषारी औषधाचा पंप भरून ठेवला होता. काळे पान जेवणावळीला कोण घेणार? त्यांचा राग वावगा कसा म्हणावा? पण वडील अडून बसलेले. त्यांनी पान भिंगाखाली धरले. पांढऱ्या पिल्लांपैकी काही काळवंडलेली, काहींच्या पाठीला सुईच्या टोकाएवढे गोल भोक. एन्कार्सिया नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गांधीलमाशीच्या कुळातला कीटक त्यांत अंडे घालतो. त्याची अळी माशीच्या पिल्लाला आतून खाते आणि पुढे भोक पाडून उडून जाते. हाही कॅरिबियन बेटांकडचाच, कुणी न बोलावता आलेला! औषध मारले की माशीबरोबर हाही मरतो; माशी पुन्हा वाढते, तिला खाणारा उरत नाही.

वडिलांनी भोके न पडलेली काळी पिल्ले असलेली पात कातरली आणि पलीकडच्या माडाला सुतळीने बांधली.

"महिनाभर थांबतो, बाबा," चिरंजीव म्हणाले, "पण केळी आजच धुतो." आणि ते विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.