क्रियापद पुढे येतं तेव्हा

भाची बारावीला आहे. परवा तिची इंग्रजीची वही चाळली, तर पानभर एकच कसरत: 'ॲज सून ॲज'ची वाक्यं 'नो सूनर... दॅन' लावून बदला. 'नो सूनर'नंतर 'डिड', मग कर्ता, मग क्रियापदाचं मूळ रूप. सूत्र तोंडपाठ. असं उलटं का लिहायचं, विचारलं तर म्हणाली, "मार्क असतात."

हे सूत्र घोटून घेणाऱ्या गाइडांवर माझा जुना राग आहे. शब्द जागा का सोडतो, हे त्यांत कधीच नसतं.

मला आमगावचा फलाट आठवतो. थंडीची सकाळ, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गोंदियाला निघालेली आम्ही पोरं आणि सोबत इंग्रजीचे सर. सिग्नल पडला. सालेकशाच्या बाजूला ठिपका दिसला, तसे सर मफलर सैल करत म्हणाले, "हिअर कम्स द ट्रेन!" इंजिन फलाटाला लागता लागता पुन्हा म्हणाले, "हिअर इट कम्स!" गाडी तीच, पण क्रियापद एकदा कर्त्याच्या पुढे, एकदा मागे. सरांनी काही समजावलं नाही, आमची डोकी मोजत डब्याकडे वळले.

जुन्या इंग्रजीत याचं कुणाला नवल नव्हतं. 'तेव्हा', 'इथे' असा शब्द आधी आला की बहुधा पाठोपाठ क्रियापद, मग कर्ता. जर्मन आजही तशीच चालते. इंग्रजीनं ती वाट सोडली. 'नेव्हर', 'हार्डली', 'नो सूनर' अशा शब्दांपाशी तिच्या खुणा उरल्या. त्यातलं 'डिड' तर सोळाव्या शतकात फोफावलेलं. शेक्सपिअरची पात्रं त्याच्यावाचूनही प्रश्न विचारतात.

पण सरांच्या गाडीचं कोडं मला फार पुढे सुटलं. पहिल्या वाक्यात गाडी ही बातमी होती, म्हणून ती शेवटी, ठसक्यात आली. दुसऱ्या वेळी ती सगळ्यांना दिसलेली होती. 'इट'ला शेवटची जागा कशाला? हे आपल्या कानाला ठाऊकच असतं. "गाडी आली" वेगळं आणि "आली रे आली गाडी!" वेगळं.

भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात, रात्रभर नाटकं चालतात. प्रॉम्प्टर विंगेतून वहीतलं वाक्य पुरवतो, "मी तुला सोडणार नाही." नट दोन पावलं पुढे येऊन गरजतो, "सोडणार नाही मी तुला!" आणि मागे तणसावर पेंगलेलं पोरगंही ताठ बसतं.