अहमदाबादची पोळ : एक चौक, अनेक वाटेकरी

साबरमतीच्या पूर्व तीरावर अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या जुन्या अहमदाबादेत हिंडताना गजबजलेल्या रस्त्यालगत मधूनच एखादा जुना लाकडी दरवाजा लागतो. तो एखाद्या वाड्याचा नसून अख्ख्या वस्तीचा असतो. हीच पोळ. आत वळणावळणाची अरुंद गल्ली, पक्ष्यांना दाणे टाकण्याचा उंच चबुतरा आणि भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे. मुहूर्त पोळ ही यांतील पहिली मानली जाते. दोशीवाडानी पोळेतील अष्टापदजींचे देरासर आपल्यापैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने पाहिले असेल. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा नगरी म्हणून मान्यता दिली, त्यात या पोळांचा वाटा मोठा आहे.

घराची मांडणी ठरलेली. पुढे ओटला, मग खडकी, मध्ये उघडा चौक, त्यामागे परसाळ आणि आतला ओरडो. चौकाखाली टांके, छपरावरचे पावसाचे पाणी त्यात साठे आणि वर्षभर पुरे. खोल्या कितीही असोत, उजेड, वारा आणि पाणी सर्वांना एकाच चौकातून मिळते. म्हणूनच असे घर वापरता येते सर्वांना, पण वाटून घेता येत नाही.

हे ओळखूनच पोळेने आपले नियम केले होते. घर विकायचे वा गहाण टाकायचे, तर आधी पोळेतील रहिवाशांना विचारायचे. विक्रीच्या रकमेतील काही भाग पोळेच्या सामायिक निधीत जमा करायचा. वाद पंचांसमोर मिटत. एकत्र राहण्यासाठी केवळ जिव्हाळा पुरत नाही, नियमही लागतात, हे त्या व्यापारी पिढ्यांना ठाऊक होते.

आज यांतील कित्येक घरांना कुलपे आहेत. ‘भावाभावांत पटले नाही’ हे सोपे उत्तर सर्वत्र खरे नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि तो न्याय्यच आहे. अडचण वेगळी आहे. कायदा प्रत्येकाला हिस्सा देतो, पण छप्पर शाकारण्याची जबाबदारी कोणाची हे तो ठरवून देत नाही. तीन पिढ्यांनंतर वाटेकरी मुंबई, पुणे, परदेश असे विखुरलेले असतात. जुन्या घरांच्या जतनासाठी विकास हक्क हस्तांतरणाची सोय झाली, तरी तिचा लाभ घ्यायला मालकी स्पष्ट हवी. घराचे भाग पडू शकत नसतील, तर १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार निम्म्या वा अधिक हिश्शाच्या वाटेकऱ्यांच्या मागणीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. त्याच कायद्यात पोळेच्या जुन्या रिवाजाची आठवण करून देणारे एक कलमही आहे. परक्याने हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर कुटुंबातील वाटेकऱ्याला तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस घेता येतो. मात्र त्यासाठी गाठीशी पैसा हवा.

भाड्याने दिलेल्या मजल्यांची कथा महाराष्ट्रालाही परिचित आहे. १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला तेव्हा अहमदाबाद मुंबई प्रांतातच होते. भाडे १९४० च्या पातळीला बांधले गेले. पुढे त्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना. पुण्याच्या वाड्यांचेही असेच झाले.

सामाजिक कारणेही तितकीच खरी आहेत. गल्लीत मोटार जात नाही. नव्या सुनेला स्वतःची खोली आणि स्वयंपाकघरात आपले मत हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. पोळेत राहणाऱ्या मुलाला स्थळ मिळणे कठीण, असे वडीलधारी मंडळी सांगतात. मुले नदीपलीकडे पालडी, नवरंगपुऱ्याकडे जातात. देरासर पावलांवर असल्याने आजी-आजोबा मागे राहतात. पलीकडच्या सदनिका एका जोडप्याला आणि दोन मुलांना पुरतील अशा आखलेल्या. दोन भावांनी शेजारी शेजारी घेतल्या, तरी मधली भिंत काढायला सोसायटी आणि महापालिका दोघांची परवानगी लागते.

मग एकत्र राहू इच्छिणाऱ्यांनी काय करावे? पोळेने जे केले तेच, म्हणजे आपले नियम आपण करावेत. कुटुंबातील व्यवस्थेकडे कायद्याने अनुकूल दृष्टीने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटले आहे. दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यावा, बाहेर पडणाऱ्याला हिस्सा कोणत्या हिशोबाने मिळावा, पहिला हक्क कोणाचा, चुली एक की दोन, हे वकिलाच्या सल्ल्याने लिहून काढावे. त्या लेखानेच हक्क निर्माण होत असतील, तर त्याची नोंदणी करावी. लिहिताना मुली आणि सुना याही बैठकीत असाव्यात.

भागीदारीचा करार पेढी जोरात चालू असतानाच लिहिला जातो, हे आपण जाणतो. घराचा लेखही वडीलधारी मंडळी हयात असताना आणि सर्वांचे एकमेकांशी बोलणे गोड असतानाच व्हावा. अहमदाबादेस गेलात, तर देरासराचे दर्शन घेऊन परतताना एखाद्या कुलूपबंद घराच्या ओटल्यावर घटकाभर टेका. त्या घरात माणसे कमी नव्हती. त्यांच्यातला करार तेवढा लिहायचा राहिला असावा.