येतात कशाला, जातात कशाला

परवा चाकणला मामाकडे गेलो होतो. मामेभावाचं तिथे छोटंसं वर्कशॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग करतो. एका परदेशी कंपनीचं मोठं काम मिळतंय, पण त्यासाठी कर्ज काढून नवीन मशीन घ्यावं लागेल. तारण म्हणून उरलेली दोन एकर जमीन! मामा मला म्हणाला, "तू वाचतोस-बिचतोस. ही माणसं एवढ्या लांबून येतात कशाला? आणि उद्या उठून गेली तर?"

ठाऊक होतं तेवढं सांगितलं. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तयार गाडी जर्मनीहून आणायची, तर आयात करानेच किंमत अवाच्या सवा वाढायची. शिवाय बजाज, टेल्कोमुळे सुटे भाग करणारे कारागीर पुण्यात आधीच तयार होते. इथे बनलेल्या गाड्या पुढे मेक्सिकोलाही गेल्या.

आपलेही लोक बाहेर जातातच की. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ साली जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली. तिथे मजुरी काही स्वस्त नव्हती. पण युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या दाराशी बसायला मिळालं, जुनं गिऱ्हाईक आयतं हाती आलं.

"हे झालं यायचं. जायचं सांग," मामा म्हणाला.

मग जनरल मोटर्सचं सांगावं लागलं. २००८ साली तळेगावात कारखाना काढला. गाड्या पुरेशा खपेनात, म्हणून २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही. पुढे २०२३ साली ह्युंदाईने तोच कारखाना घ्यायचा करार केला. एकीचा हिशेब चुकला, तिथेच दुसरीचा जुळला. माया कुणालाच नव्हती.

भावाला म्हटलं, "मशीन घे, पण असं घे की उद्या दुसऱ्या कुणाचंही काम त्यावर करता येईल. आणि सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला देऊ नकोस." त्याला ते पटलं. मामा मात्र बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "कारखान्याला दुसरा मालक मिळाला रे. माझी जमीन गेली, तर मला दुसरी कोण देणार?"

यावर मला काही बोलता आलं नाही. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?