वाचलेल्या पक्ष्यांची पुढची पिढी

तेलगळतीच्या बातमीत तेलाने माखलेल्या पक्ष्याचा फोटो हमखास असतो. त्याला धुतले, समुद्रात सोडले, की बातमी संपते. मी शिक्षिका आहे. आमच्याकडेही निकालाचा टक्का बघून समाधान मानले जाते. मुले पुढे कुठे गेली, हे फारसे कुणी विचारत नाही. म्हणून ‘ट्रेझर’ जहाजाची हकिगत मला सांगाविशी वाटते.

२३ जून २००० रोजी हे जहाज दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ बुडाले. एकीकडे रॉबेन बेट, जिथे मंडेला कैदेत होते. दुसरीकडे डासेन बेट. दोन्हींवर आफ्रिकन पेंग्विनच्या मोठ्या वसाहती, आणि दिवस विणीचे. सुमारे १९ हजार पेंग्विन माखले. हजारो स्वयंसेवकांनी ते धुतले. तेल न लागलेले जवळपास तितकेच पेंग्विन पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते शेकडो किलोमीटर पोहत परत येईपर्यंत समुद्र साफ करायचा, अशी ती युक्ती होती. ती साधली. माखलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले.

पण घरट्यांचे काय? पेंग्विनचे नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. समुद्रात गेलेला जोडीदार परतला नाही, तर घरट्यातला उपाशीपोटी किती दिवस बसेल? पिसांवरचे थोडे तेल अंड्याला लागले तरी आतला जीव मरू शकतो. आईबाप उचलून नेल्यामुळे पोरकी झालेली तीन हजारांहून अधिक पिल्ले माणसांना भरवून वाढवावी लागली. पुढच्या वर्षांत रॉबेन बेटावर आणखी एक गोष्ट दिसली. धुतलेल्या पक्ष्यांची पिल्ले इतरांच्या मानाने कमी जगत होती.

२०२४ मध्ये हा पेंग्विन ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. दोष एकट्या तेलाचा नाही. त्याचे खाद्य असलेले मासेही घटले आहेत. पण आधीच खंगलेल्या वसाहतीला विणीचा एक हंगाम गमावणेही परवडत नाही.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कोकणच्या वाळूत डांबराचे गोळे येतात. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्षी वीण करतात. गोळ्यांनी पाय काळे झाले की आपण रॉकेलने पुसतो. सुरयला ती सोय नाही.

धुणाऱ्या हातांचे मोल मोठे आहे. त्यांच्यामुळेच हजारो पक्षी जगले. फक्त किती वाचले यासोबत, पुढच्या हंगामात किती पिल्ले उडाली किंवा पोहायला लागली, हेही विचारायला हवे.